हेल्मेट फाटकापुरतं

राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणून लष्करी छावणीत दरवर्षी ४ मार्चला सुरक्षेची शपथ घ्यायची. जवानानं, त्याच्या बायकोनं आणि शाळकरी पोरांनीही.

छत्रपती संभाजीनगरात सुरक्षेचे हे धडे खरं तर छावणीबाहेर द्यायला हवेत. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार भर दिवसा पेटला आणि शंभराहून अधिक दुकानं खाक झाली. त्यांच्यासाठी कुणी शपथ घेतली होती, देव जाणे!

रस्त्यावरही हीच गत. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतं. लष्करी फाटकातून जाताना ते डोक्यावर असतंच. नगर नाक्यापुढे शहर सुरू झालं की ते कोपराला लटकतं. कोपर मात्र शाबूत राहतं, हे नाकारता येणार नाही.