शिवनाथकाठी बिऱ्हाड करू इच्छिणाऱ्या प्लॅटिपसरावांस

श्री. प्लॅटिपसराव, मुक्काम पूर्व ऑस्ट्रेलिया, यांस,


तुमच्याकडे धरणांनी प्रवाह तोडले, दुष्काळात डोह आटले, 2021 साली व्हिक्टोरिया राज्याने तुमचं नाव संकटग्रस्तांच्या यादीत घातलं, म्हणून तुम्ही नवी नदी शोधताय असं कळलं. नजर भिलाईवर पडली हे आमचं भाग्य. पोलाद कारखाना आहे, पांढरे वाघ आहेत आणि शेजारून शिवनाथ जाते. आणखी काय हवं?

तुमच्या अपेक्षा वाचल्या आणि आम्हाला जरा अवघडल्यासारखं झालं. बीळ खणायला मातीचा काठ, तोही झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेला. तळाला गोटे, गोट्यांखाली जलकीटकांच्या अळ्या. पाणी वाहतं, थंड आणि बेताचं खोल, कारण बुडी मारून, गाल भरून, मिनिटभरात श्वासाला वर यायचं. साहेब, इथे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो. आणि नदी म्हणाल तर ठिकठिकाणी बंधाऱ्यामागे तुंबलेलं पाणी. ते चढलं की तुमच्या बिळात, उतरलं की तुमचं दार उघड्यावर आणि कोल्हा उंबऱ्यात. गोट्यांवर गाळ बसला की अळ्या गेल्या. पण आमच्या रजिस्टरात अळ्यांचा रकानाच नाही. तिथे सगळा हिशोब दशलक्ष लिटरांत.

शिवाय प्रश्न हद्दीचा. 1998 साली, हा मुलूख मध्य प्रदेशात होता तेव्हा, इथल्या शिवनाथचा सुमारे 23 किलोमीटरचा पट्टा रेडियस वॉटर नावाच्या कंपनीकडे 22 वर्षांच्या कराराने गेला. बंधारा घालायचा आणि बोरईच्या कारखान्यांसाठी पाणी विकायचं. राज्याच्या औद्योगिक निगमाने रोज 40 लाख लिटरचे पैसे मोजायचे, पाणी उचलो वा न उचलो. पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या केवटांना कळलं की नदीला आता मालक आहे. काठच्या शेतकऱ्यांच्या पंपांनाही मज्जाव झाला. तुम्ही तर पाण्यात डोळे, कान, नाकपुड्या मिटून घेता आणि चोचीनेच भक्ष्याच्या स्नायूंतली वीज टिपता. विद्या थोर आहे. पण त्या चोचीला कराराची हद्द कळली असती का?

मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयाचंही मनात आलं होतं. पण 2019 साली ऑस्ट्रेलियाबाहेर तुमच्यापैकी दोघांना घर मिळालं ते सॅन दिएगोत. त्यांचा थाट आम्हाला झेपायचा नाही.

तरी निराश होऊ नका. 1799 साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनाही तुमचं कातडं पाहून शंका आली होती की कुणी बदकाची चोच शिवून लावली असावी. न पटणाऱ्या गोष्टीही खऱ्या निघतात. आमच्या कराराचंच पाहा. निगमाची आधीपासूनची कोट्यवधींची पाणीयोजना कंपनीला भाड्याने मिळाली ती एक रुपयात. 2007 साली छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करा, गुन्हे दाखल करा, असं सांगितलं. त्यानंतरही करार वर्षानुवर्षं सुखरूप होता.

तेव्हा माझा सल्ला ऐका. रहिवासाचा अर्ज मागे घ्या. रहिवाशांचं इथे कुणी ऐकत नाही. माशांचं नाही, केवटांचं नाही. एखादी कंपनी काढा, भाडेपट्टा मागा. येताना एक रुपया सुटा आणा.

आपला,
एक भिलाईकर