आपल्या स्नेहाबद्दल आभार

सन्माननीय श्री. डी.डी.टी. महाशय यांस,



लेक पहिल्या बाळंतपणाला नाशिकला माहेरी आली आहे. आज नातीची पाचवी. पाट मांडला, त्यावर कोरा कागद नि लेखणी ठेवली. रात्री सटवाई येऊन नशीब लिहील म्हणतात. आपण मात्र तिच्याही आधी हजर! एवढी तत्परता सख्ख्या नातलगांनाही जमत नाही. आभारी आहे.

आपली नि माझी ओळख जुनी. निफाड तालुक्यातल्या आमच्या घरी हिवतापाचे फवारणीवाले आपल्याला घेऊन यायचे. आई भांडीकुंडी, गोधड्या, पाळणा सगळं अंगणात काढायची. फवारा वाळला की भिंतीवर पांढरा थर दिसे. त्यावर मी बोटानं चित्रं काढायची. आपण डास मारलेत, माणसं वाचवलीत, ते ऋण मानते. आपले गुण ओळखणाऱ्या पॉल म्युलर यांना 1948 चं नोबेल मिळालं, तेही मान्य. फक्त पाळणा घरात परत नेताना आपणही मुक्कामाला येणार आहात, हे आईला कोणी सांगितलं नाही.

आपला स्नेह तर काय वर्णावा! स्नेह म्हणजे माया, नि स्नेह म्हणजे तूपतेलही. आपण दोन्ही अर्थ सार्थ केलेत. पाण्यात आपण विरघळत नाही म्हणावं इतके कमी, चरबीत मात्र सुखानं. म्हणून एकदा अंगात शिरलात की वर्षानुवर्षं हलत नाही. बाळंतिणीच्या अंगात साठलेली चरबी दूध तयार करायला लागते, तेव्हा तिचं बोट धरून आपणही निघता. मी लेकीला साजूक तूप, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू करून घालते. त्यात आपण आपलाही अहेर मिसळता. पहिल्या बाळाचे लाड तर विशेष! आईच्या अंगातला इतक्या वर्षांचा साठा पहिल्यांदा उघडतो तो त्याच्यासाठीच.

आपल्या निष्ठेलाही तोड नाही. 1951 साली अमेरिकेतल्या आयांच्या दुधात आपण सापडलात. 1989 साली भारतानं शेतीतून आपल्याला निरोप दिला, 2001 साली स्टॉकहोम करारात जगानं आपल्यावर बंधनं घातली. तरी 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईच्या आयांच्या दुधात आपण आहातच. दार लावलं तरी ओसरी न सोडणारा पाहुणा हाच.

आमच्या जिल्ह्याचा मानही आपण जाणता. 2010 साली क्लोरमेक्वाट या शेतीरसायनाचे, आपल्या भाईबंदाचे, अंश सापडले म्हणून युरोपनं भारताची द्राक्षं अडवली. नाशिकच्या बागाईतदारांच्या तोंडचं पाणी पळालं. आता युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत पास झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही. माझ्या नातीच्या पहिल्या घोटाचा नमुना मात्र कोणी मागितला नाही. आपली सोय झाली.

काल लेकीनं विचारलं, "आई, पाजू ना गं हिला?"

महाशय, बाकी सगळं एक वेळ सोसेन. हा प्रश्न तिच्या तोंडी घातलात, त्याला माफी नाही. मी म्हटलं, "पाज, बिनघोर पाज." सहा महिने फक्त आईचं दूध, हे जागतिक आरोग्य संघटना आपल्या एवढ्या करामतींनंतरही सांगते. त्याची बरोबरी करणारा डबा अजून निघालेला नाही. दूध तिचंच आहे, अमृतच आहे; न विचारता आत घुसलात ते आपण.

तेव्हा हात जोडून एकच विनंती. द्राक्षांसारखी बाळंतिणींच्या दुधाचीही नियमित तपासणी व्हावी, आणि सापडेल त्या विषाची वाट शेतात, पाण्यात, कारखान्यात, जिथून निघते तिथेच अडवावी, असा अर्ज घेऊन मी सरकारी दारात जाणार आहे. आपण साक्षीला यावं. आमच्या तीन पिढ्यांच्या अंगात आपला पत्ता आहे.

पाटावरचा कागद अजून कोरा आहे. तिथे लिहायचा मान सटवाईचा. आपण हात लावू नये.

कळावे. आपला स्नेह आता पुरे.

एक आजी,
नाशिक