प्रतिसाद घ्यावा, अंगाला लावून घेऊ नये
(मास मीडियाच्या नवशिक्या दिग्दर्शकांसाठी मार्गदर्शिका)

अभिनंदन! तुमचा पहिला पॉप म्युझिक व्हिडिओ तयार झाला आहे. गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं, मित्राने स्वतःच्या खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्ड केलेलं. विषय विरह. स्थळ पुण्यातली वेताळ टेकडी, कारण तिथे भाडं पडत नाही. नायक-नायिका वर्गातलेच. शूटिंगच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद असल्याने विरहासाठी वेगळ्या तालमी घ्याव्या लागल्या नाहीत. आता फक्त सबमिशनच्या कागदावरची शेवटची ओळ उरली आहे: 'प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकलात, ते ५०० शब्दांत लिहा.'

घाबरू नका. काहीही न शिकता हे लिहिता येतं. फक्त पुढच्या पायऱ्या चुकवू नका.

पायरी १ : प्रेक्षक निवडून घ्या

गाणं कॉलेजातल्या पोरांसाठी केलं असलं, तरी ते आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं. पावणेचार मिनिटांच्या व्हिडिओला मावशीचे टाळ्यांचे इमोजी अर्ध्या मिनिटात येतात. काका विचारतात, "छान! पण यात तू कुठे दिसलाच नाहीस?" आत्या लिहिते, "सुंदर. परीक्षा कधी आहे?" हा सगळा प्रतिसाद सकारात्मक म्हणून मोजावा.

शेजारच्या कॉलेजातली अनोळखी मुलं कटाक्षाने टाळावीत. त्यांना तुमचं मन राखायचं नसतं, त्यामुळे ती व्हिडिओ बघून बोलतात.

पायरी २ : प्रश्नावली बेताने तयार करा

रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मतं मोजायची पट्टी रूढ केली. तिच्यात सहमत होणाऱ्याला जितकी जागा, तितकीच असहमत होणाऱ्यालाही असते. तेवढा उदारपणा आपल्याला परवडणारा नाही. आपल्या गुगल फॉर्ममध्ये पाच पर्याय असे असावेत: अप्रतिम, उत्कृष्ट, खूपच छान, छान, अजून पाहिलेला नाही.

प्रश्नातच उत्तर घालून द्यावं. उदाहरणार्थ, 'नायिकेच्या डोळ्यांतली व्याकुळता तुम्हाला किती भिडली?' व्याकुळता होती का, हा मुद्दाच त्यामुळे उरत नाही. एक प्रश्न मात्र चुकूनही विचारू नये: 'व्हिडिओत काय घडलं, ते तुमच्या शब्दांत सांगा.' हा प्रश्न विचारणाऱ्यांवर पुढचा प्रसंग ओढवतो.

पायरी ३ : वडापावचं संकट

दुसऱ्या कडव्यात नायिका टेकडीवरून शून्यात बघते. सहा सेकंद, स्लो मोशन. पुढचा शॉट टेकडीच्या पायथ्याचा: वडापावची गाडी, कढईतून निघणारी वाफ, मागे मावळतं ऊन. वाफेवरचा उजेड झकास आल्यामुळे तो तुमचा लाडका शॉट आहे. इथे वाहतं जग आणि थांबलेलं मन तुम्हाला दाखवायचं होतं. प्रेक्षकाने लिहिलं, "तिला भूक लागली आहे, पण पैसे नाहीत, असं काहीतरी."

इथे प्रेक्षकाला अडाणी ठरवून मोकळं व्हावं, ही आमची अधिकृत सूचना. अडचण एवढीच, की तो एकटा नाही. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सूपाचं ताट, कधी शवपेटी जोडली. चेहरा तोच, पण ताटाबरोबर लोकांना त्यात भूक दिसली आणि शवपेटीबरोबर दुःख. चेहऱ्यावर काय आहे, हे पुढचा शॉट ठरवतो. तुम्ही वडे जोडलेत, लोकांनी भूक वाचली. संकलन शिकवायला पहिल्या वर्षी हेच उदाहरण देतात. त्या दिवशी तुम्ही लोकेशन बघायला गेला होतात.

आता उपाय सुचवणारे येतील. एक म्हणेल, हिला रडव. दुसरा म्हणेल, ग्लिसरीन घाल. तिसरा म्हणेल, फ्लॅशबॅक टाक, पाऊस टाक, पावसात फ्लॅशबॅक टाक. यातला एकही उपाय करू नका आणि ही सूचना मात्र आम्ही मनापासून करत आहोत. कुठे दुखतंय ते रोगी अचूक सांगतो; औषधाची चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घ्यायची नसते. इथे दुखणं दोन शॉटच्या सांध्यात आहे. वड्यांच्या जागी रिकामा बाक लावला, की तोच कोरा चेहरा विरही होतो. अभिनेत्रीला पुन्हा बोलवावं लागत नाही. ती येणारही नव्हती.

पायरी ४ : 'ओठ जुळत नाहीत' म्हणणाऱ्याला गप्प करा

त्याला सांगा, ही शैली आहे. तो ऐकणार नाही, कारण त्याचा कान तयार आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत याचे आकडेच दिले आहेत: आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला, की माणसाला खटकू लागतं. मागे पडला, तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. धोबीघाटावर लांबून पाहिलं तर कपडा आधी आपटताना दिसतो, आवाज मागून येतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्माची सवय आहे; आधी येणाऱ्याची नाही. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तुमचा आवाज दीड फ्रेम, म्हणजे ६० मिलिसेकंद पुढे आहे.

दोष बहुधा फोनचा. फोन अनेकदा फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही; उजेड कमी-जास्त झाला की तोही बदलतो. मग एडिटच्या टाइमलाइनवर पहिल्या कडव्यात जुळलेले ओठ शेवटच्या कडव्यात भलतंच गातात. फुटेज आधी स्थिर वेगात बदलून घेतलं, तर हे टळतं. पण तसं केल्यास शैलीही जाईल, याची नोंद घ्यावी.

पायरी ५ : दाखवताना पहिल्या रांगेत बसा

वर्गात पडदा लावून व्हिडिओ दाखवायची वेळ आली, तर प्रेक्षकांकडे पाठ करून बसावं. बाजूच्या भिंतीला टेकून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहणं अत्यंत धोक्याचं. तिथून नको ते दिसतं. सुरुवातीची ३५ सेकंदं नुसती नावं येतात: कथा, पटकथा, दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, पाचही ठिकाणी तुम्हीच. तिसऱ्यांदा तुमचं नाव आल्यावर मागच्या बाकावर पहिला फोन उजळतो. ड्रोन वर जातो तेव्हा माना वर होतात. तो दुसऱ्यांदा वर जातो तेव्हा एकजण बाटलीचं झाकण उघडतो. चौथ्यांदा वर जातो तेव्हा वर्गात झाकणांचाच आवाज येतो. नायक घसरतो तो शॉट तुम्ही काढायचा विसरला होतात. नेमका तिथेच सगळा वर्ग एकदम पुढे वाकून बघतो.

यातलं काहीही गुगल फॉर्मवर येणार नाही. झाकण उघडणाराही फॉर्मवर 'उत्कृष्ट' हाच पर्याय निवडेल, कारण त्याचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात आहे. हॉलिवूडचे स्टुडिओ अनोळखी प्रेक्षक जमवून चित्रपट आधी दाखवून बघतात, ते काही हौस म्हणून नाही. १९८७ च्या 'फेटल अट्रॅक्शन'चा शेवट अशा प्रेक्षकांना रुचला नाही, म्हणून तो बदलून नव्याने चित्रित केला. तुम्हाला तर फक्त ड्रोन तीनदा कमी उडवायचा आहे. तरीही मोह आवरा.

पायरी ६ : अहवाल लिहा

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं, की पाठवलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेतो, थोडा घासाघीस करून घेतो किंवा साफ उलटवतो. हे वाचून कुणी स्वतःचा व्हिडिओ तपासेल. तुम्ही फक्त भाषांतर करा. 'मागच्या बाकांवर झोपले' हे 'प्रेक्षकांनी अर्थाशी निवांत वाटाघाट केली' असं लिहावं. 'तिला भूक लागली आहे' हे 'विरोधी वाचन' या सदरात टाकावं. मावशीला 'लक्ष्यगट' म्हणावं. शेवटी 'वेळेअभावी सुधारणा करता आल्या नाहीत' हे वाक्य टाकावं. त्यावर आजवर कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

शंकासमाधान

*चुकून काही शिकलो, तर कसं ओळखावं?*
लाडका शॉट स्वतःच्या हाताने काढताना फारसं वाईट वाटलं नाही, तर लागण झाली असं समजावं. दुसरं लक्षण म्हणजे "कसा वाटला?" हे विचारणं बंद होऊन "तुला कुठे कंटाळा आला?" असं तोंडातून निघू लागतं.

*यूट्यूबवर टाकून तिथले आकडे पाहिले तर?*
पुरेसे प्रेक्षक मिळाले, तर लोक कोणत्या सेकंदाला निघून जातात, याचा आलेख तिथे मिळतो. त्या आलेखाला ना तुमची मावशी माहीत, ना पुढच्या आठवड्यातला व्हिडिओ. नाजूक मनाच्या दिग्दर्शकांनी फक्त एकूण व्ह्यूज पाहावेत. त्यातले निम्मे तुमचेच असतात.

*सरांनी तर लिपसिंक उत्तम आहे असा शेरा दिला आहे. मग पायरी ४ चं काय?*
सरांकडे ६० व्हिडिओ तपासायला आहेत, म्हणून ते दीडपट वेगाने बघतात. त्या वेगात ६० मिलिसेकंदांची चूक ४० वर येते, म्हणजे खटकण्याच्या रेषेच्या आत. शेरा खरा आहे आणि चूकही खरी आहे. गुण घ्या, आणि सर पुढच्या व्हिडिओकडे वळले, की आवाज दीड फ्रेम मागे सरकवा.