पासधारक आणि पृच्छक

रेल्वेच्या फलाटावर आढळणाऱ्या मनुष्यजातीचे वर्गीकरण करावयाचे झाल्यास दोन प्रकार प्रथम वेगळे काढावे लागतात. पहिला पासधारक, म्हणजे ज्याने महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास काढून रेल्वेशी संसार मांडलेला असतो आणि त्यामुळेच तिच्याकडे पाहणे सोडून दिलेले असते. दुसरा पृच्छक, म्हणजे समोरची वस्तू तशी का आहे हे विचारल्याखेरीज ज्याला चहा गोड लागत नाही. पुढील संवाद पुणे स्थानकाच्या फलाटावर, सकाळच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहताना घडतो. पात्रांना नावे दिलेली नाहीत आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही, कारण पासधारक डब्यात नावाने नव्हे, खिडकीने ओळखला जातो.

पृच्छक : स्थानकाच्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती कोणाच्या उपयोगाची असावी?

पासधारक : कोणती पाटी?

पृच्छक : ही पिवळी. आपण तिलाच टेकून उभे आहात.

पासधारक : अच्छा, ही होय! या फलाटावर चौतीस वर्षे काढली, पण पाटी टेकण्यासाठीच असते असा समज होता. उंचीचे म्हणाल, तर ते तसेच असते.

येथे एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. ‘ते तसेच असते’ हे पासधारकांच्या दर्शनातील मूलसूत्र असून, त्याच्या साहाय्याने ग्रहणापासून गळक्या नळापर्यंत कोणत्याही घटनेचे स्पष्टीकरण एका दमात देता येते. या सूत्राचे खंडन अशक्य आहे. त्याचा उपयोगही अशक्य आहे, ही गोष्ट वेगळी.

पृच्छक : मुळात समुद्राला सपाटी कोठली? भरतीला पाणी चढते, ओहोटीला उतरते. म्हणून किनाऱ्यावरील केंद्रांत पाण्याच्या पातळीच्या नोंदी वर्षानुवर्षे घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. त्या सरासरीला सपाटी म्हणावयाचे. तेथपासून मोजल्यास आपण या क्षणी सुमारे ५६० मीटर उंचीवर उभे आहात.

पासधारक : काही जाणवत नाही.

पृच्छक : लोहमार्ग टाकणाऱ्यांना मात्र जाणवले असणार, कारण दोन ठिकाणांच्या उंचीतील फरक कळल्याखेरीज चढ किती ठेवावा हे ठरविता येत नाही. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाचा तीव्र चढ ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा आहे. आगगाडीच्या दृष्टीने ही जवळजवळ भिंतच. म्हणून पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात, ज्यांना बँकर म्हणतात, आणि ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलतात.

पासधारक : (गंभीरपणे) म्हणजे कर्जतचा थांबा बटाटेवड्यासाठी नाही?

पृच्छक : वडा हा त्या थांब्याचा परिणाम आहे, कारण नव्हे.

पासधारकाच्या चेहऱ्यावर या वाक्याने जो विषाद पसरला, त्याची तुलना केवळ आरक्षित खिडकीवर दुसरा मनुष्य बसलेला पाहण्याशीच होऊ शकेल. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल हा निव्वळ अज्ञानाचा दोष नसून परिचयाचा दोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नवख्या प्रवाशाने पहिल्याच खेपेला गाडी का थांबली हे विचारले असते; पासधारकाला मात्र सवयीने वडा दिसतो आणि प्रश्न दिसेनासा होतो.

पासधारक : बरे, पण हे सारे ठाऊक करून घेऊन गाडी लवकर येते काय?

पृच्छक : येत नाही, परंतु उशीर कमी वाटतो. आता वरची तार पाहा. ती सरळ नसून नागमोडी आहे: एका खांबापाशी डावीकडे, पुढच्या खांबापाशी उजवीकडे, मध्यरेषेपासून सुमारे वीस सेंटिमीटर सरकलेली.

पासधारक : कंत्राटदाराचे काम! ते तसेच असते.

पृच्छक : मुद्दाम तशी बांधतात. इंजिनाच्या माथ्यावरचा जो सांगाडा तारेतून वीज घेतो, त्याला पँटोग्राफ म्हणतात. तार सरळ असती, तर त्याच्या पट्टीवर एकाच जागी घासून खाच पडली असती. तार इकडेतिकडे सरकत राहिल्याने पट्टी सर्व बाजूंनी सारखी झिजते.

पासधारक : आणि रुळांखालची ही खडी? ती धुऊन, गुळगुळीत करून का टाकत नाहीत? (हा प्रश्न आपल्याच तोंडून बाहेर पडला हे लक्षात येताच तो दचकतो.)

या ठिकाणी, हातोडा खांद्यावर टाकून रुळालगत चाललेला एक गँगमन, म्हणजे मार्गाची देखभाल करणारा कामगार, संवादात न बोलावता प्रवेश करतो.

गँगमन : गोल गोटे टाकले तर गाडीखाली घरंगळतात, साहेब. कंगोरे असले की दगड एकमेकांना धरून बसतो, स्लीपर हलत नाही, आणि पावसाचं पाणी मधून निघून जातं.

एवढे बोलून तो पुढे गेला. संपूर्ण संवादातील सर्वांत कमी शब्दांचे आणि सर्वांत पूर्ण उत्तर त्याचे ठरते, ही बाब विद्वानांनी मनाला लावून घेऊ नये.

पृच्छक : रोजच्या वस्तूंना असेच प्रश्न विचारणारे दामोदर धर्मानंद कोसंबी याच मार्गाने ‘दख्खनची राणी’ या गाडीने मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जात असत. व्यवसायाने गणिती, परंतु आहत नाणी, म्हणजे ठसे मारून तयार केलेली प्राचीन चांदीची नाणी, वापराने किती झिजली असतील हे ठरविण्यासाठी त्यांनी चालू वापरातील साधी नाणीही तराजूत घालून पाहिली. पुण्याच्या टेकड्यांवर फिरताना पायाखालचा दगड उचलून हे प्राचीन हत्यार तर नव्हे, असे पाहणारा हा गृहस्थ होता.

पासधारक : म्हणजे त्यांचाही पास होता!

पृच्छक : (क्षणभर थांबून) तसेही म्हणता येईल. आता एक हिशेब पाहा. मुंबईचे स्थानक समुद्रसपाटीपासून काही मीटरच वर आहे. म्हणजे आपण रोज सकाळी साधारण साडेपाचशे मीटर उतरता आणि संध्याकाळी तितकेच चढता. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. सोळा दिवस ये-जा करण्यात आपण एव्हरेस्टइतके चढता.

पासधारक : (पाटी सोडून ताठ उभा राहत) सोळा दिवसांत?

पृच्छक : तेही बसून.

इतक्यात गाडी आली आणि पासधारक आपल्या खिडकीशी स्थिरावला. पुढील पाच मिनिटांत त्याने समोरच्या चौघांना एव्हरेस्टचा हिशेब, तारेचा नागमोडीपणा आणि कंगोऱ्यांचे महत्त्व सांगितले. एकाने आश्चर्य व्यक्त करताच तो उदारपणे म्हणाला, “यात काय विशेष? रोजच्या प्रवाशाला हे ठाऊकच असते.” मग अचानक त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले.

पासधारक : अहो, चढा ना! आपण निघालात तरी कोठे?

पृच्छक : कोठेच नाही.

गाडी सुटली. पृच्छकाच्या खिशात केवळ दहा रुपयांचे फलाट तिकीट होते. त्याची मुदत दोन तासांची असते, आणि त्यांपैकी सव्वा तास अद्याप शिल्लक होता.