तांबड्या दिव्याचे तपासनीस

सरकारी नोकरीतून सन्मानपूर्वक निवृत्त झालेला आणि उर्वरित आयुष्य इतरांच्या मोटारींच्या चौकशीस वाहिलेला एखादा गृहस्थ जिच्या आवारात नांदत नाही, अशी गृहनिर्माण संस्था पुण्याच्या कोथरूड भागात शोधू जाणाऱ्यास रिकाम्या हातानेच परतावे लागेल. हयात महसूल खात्यात पंचनामे, कैफियती आणि फेरफारांच्या नोंदी यांच्या सहवासात गेल्यामुळे अंगात मुरलेली तपासाची हौस सेवानिवृत्तीच्या हुकुमाने बरखास्त होत नाही. आणि बांधावरून भांडणारे पक्षकार आता दाराशी येईनासे झाल्यामुळे, ती हौस शेजाऱ्यांच्या बॉनेटखाली आश्रय शोधते. हाती पान्यांची पेटी, खिशात विजेरी, खांद्यावर पूर्वाश्रमी बनियन असलेले फडके आणि मुद्रेवर मामलेदाराचे गांभीर्य, अशा थाटात हे काका रविवारी सकाळी जिना उतरू लागले, की अनुभवी रहिवासी आपापल्या गाड्या काढून भाजी आणावयास निघून जातात.

पंक्चर, बॅटरी, वायपर ही कनिष्ठ कारकुनांची प्रकरणे होत, असे काकांचे मत. त्यांची प्रतिभा खऱ्या अर्थाने प्रफुल्लित होते ती वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोहों अंगांस कंस धारण करणाऱ्या ब्रेकच्या तांबड्या दिव्याने. किल्ली फिरवताच क्षणभर लागावे आणि हँडब्रेक सोडला असता विझावे, हा या दिव्याचा रिवाज. तो विझेनासा झाला, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा तरुण ‘काका, जरा बघता का?’ एवढेच विचारतो, आणि त्या रविवारावरील त्याची मालकी तत्क्षणी संपुष्टात येते.

प्रथम वाहनमालकाची जबानी.

“कधीपासून लागतोय?”

“परवा कात्रजच्या घाटात वळणावर लुकलुकत होता, काका. सरळ रस्त्यावर विझायचा. आता विझतच नाही.”

काका डोळे मिटून मान हलवतात. डबीतले ब्रेक ऑइल खालच्या रेषेशी आले असावे, वळणावर ते एका बाजूस कलताच आतला तरंगता फ्लोट खाली बसत असावा आणि दिव्याचा प्रवाह जुळत असावा, हे त्यांनी या एका वाक्यावरून ओळखलेले असते. वास्तविक आता झाकणाजवळची रेषा पाहिली, की तपास पुरा व्हावा. परंतु इतक्या अल्पावधीत निकाली निघालेले प्रकरण ही कामचुकारपणाची निशाणी, अशी शिस्त अंगी बाणलेली असल्यामुळे, ते हँडब्रेकला पाचारण करतात. दांडी वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. तिच्या बुडाशी असलेल्या स्विचची वायर काढली तरी दिवा जळतच राहिला, या पुराव्यावर हँडब्रेकची निर्दोष मुक्तता होते. एबीएसचा पिवळा दिवा लागलेला नाही, सबब त्या शाखेकडे संशय नाही, असा शेरा मारला जातो. आणि तासाभराने, सर्व निरपराध्यांची रुजुवात झाल्यानंतर, बॉनेट उघडून ऑइलची पातळी पाहण्यात येते. ती अर्थातच ‘मिन’च्या खाली असते.

येथून पुढचे काकांचे ज्ञान केवळ वंदनीय आहे. झाकणावर ‘डॉट ४’ लिहिले आहे, तर तेच आणावे. इंजिन ऑइलचा थेंबही चालणार नाही, रबराची सीले फुगून ब्रेक निकामी होतील. फोडलेली बाटली घेऊ नये, कारण हे द्रव्य हवेतील बाष्प शोषते. ताजे असता प्रमाणानुसार किमान २३० अंश सेल्सिअसला उकळणारे ‘डॉट ४’ पाणी मुरल्यावर १५५ अंशांपर्यंत ढळू शकते, आणि घाटाच्या उतारावर ते उकळून नळीत वाफ धरली, तर पेडल पोकळ जाते. या व्याख्यानात असत्य काडीमात्र नसते. बाटली येते, ऑइल वरच्या रेषेपर्यंत ओतले जाते, दिवा विझतो, आणि खिडकीतून “अहो, पोहे निवले!” असा तगादा येत असता काका विजयी मुद्रेने हात पुसतात.

परंतु बंद नळ्यांतले ऑइल गेले कोठे, हा प्रश्न दप्तरी तसाच राहतो. ते कोठे तरी गळत असावे, किंवा ब्रेक पॅड झिजले असावेत. कारण पॅड जसजसे पातळ होतात, तसतसे पिस्टन पुढे सरकतात, त्यांच्यामागची वाढती जागा ऑइल भरून काढते आणि डबीतली पातळी उतरते. म्हणजे दिवा पॅडांच्या झिजेची रीतसर नोटीस बजावीत होता. बेलिफाला चहा पाजून परत धाडावे आणि कर्ज फिटले असे मानावे, तसा हा प्रकार झाला. काकांना हे ठाऊक नसते काय? पुरते ठाऊक असते. परंतु पॅड पाहावयाचे, तर जॅक लावून चाक काढावे लागते आणि जमिनीवर बसावे लागते, आणि काकांच्या गुडघ्यांनी त्यांच्याआधीच मुदतपूर्व निवृत्ती पत्करलेली असते. जीपमधून न उतरता पिकांची आणेवारी ठरवणाऱ्या साहेबांच्या हाताखाली उमेदवारी झाल्यामुळे, उभ्याने दिसेल तेवढेच सत्य, हा प्रघात त्यांना गैर वाटत नाही.

काही महिन्यांनी चाकातून लोखंड घासल्याचा आवाज येतो. मिस्त्री नवे पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे दाबतो. त्यांच्यामागचे ऑइल डबीकडे परतते, काठोकाठ भरलेल्या डबीतून ओसंडते आणि वेळीच पाण्याने न धुतल्यामुळे तिच्याखालचा रंग सोलून काढते. “हलगर्जीपणा! आधी ऑइल कमी करायला नको?” असा निकाल काका मिस्त्र्याविरुद्ध देतात, आणि तोही, दुर्दैवाने, अगदी बरोबर असतो.

तथापि न्याय करावयाचा, तर एवढे मान्य केले पाहिजे, की तो दिवा लागलेला असता महाबळेश्वरास निघालेल्या मंडळींपेक्षा, गाडी जागच्या जागी उभी करवून चार तास तिची उलटतपासणी घेणारा हा गृहस्थ समाजास अधिक उपकारक आहे. आपल्या आवारात असे काका असतील, तर वाचकांनी चौकशीचे सर्व अधिकार त्यांना खुशाल द्यावेत. मात्र ऑइलची बाटली फोडण्यापूर्वी चारही चाके काढून पाहणाऱ्या, धडधाकट गुडघ्यांच्या मिस्त्र्याचा दाखला अवश्य मागावा.