तिसरा हात

चहा घेता घेता एका प्रश्नाचं उत्तर द्या. ताट घासून विसळायला किती हात लागतात? तुम्ही दोन म्हणाल. एका हातात ताट, दुसऱ्या हातात घासणी. पण घरी तिसराही हात असतो. तो भिंतीतून बाहेर आलेला असतो, त्याला आपण नळ म्हणतो, आणि त्याचे उपकार आपण जन्मात कधी मानत नाही.

गाडी घेऊन डोंगरात गेलं की हा तिसरा हात घरीच राहतो. गेली सहा वर्षं आम्ही सहा जण दोन फोर-बाय-फोर गाड्या काढून सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर फिरतोय. निघायच्या आधी आठवडाभर बैठका होतात. टायरमध्ये हवा किती ठेवायची, ओढायचा पट्टा कोणाच्या गाडीत, हवा भरायचा कॉम्प्रेसर चालू आहे का, यावर रात्री बारापर्यंत खल चालतो. खरकटी भांडी कुठे आणि कशी घासायची, हा विषय सहा वर्षांत पटलावर आलेला नाही. मी तो दोनदा मांडला. पहिल्यांदा ‘बघू’ असं उत्तर मिळालं, दुसऱ्यांदा उत्तरच मिळालं नाही. ज्याने विषय काढला त्यानेच भांडी घासायची, असा ठराव मात्र कधीतरी मंजूर झाला असावा. मला त्याची प्रत मिळालेली नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगतो. जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या पठारावर पोचलो. रात्री पिठलं-भाकरी. पिठलं खायला चांगलं, पण शिजलेलं बेसन गार झालं की कढईला असं धरून बसतं की ते पीठ होतं यावर विश्वास बसू नये. पाणी होतं वीस लिटरच्या जारमध्ये. वीस लिटर म्हणजे वीस किलो. तो जार वाकवून धरायला एक माणूस लागतो, म्हणून एक जण ‘घास तू, मी धरतो’ म्हणत पुढे आला. भरलेला जार वाकवला की धार पडत नाही. जितकं पाणी बाहेर जायचं तितकी हवा आत यायची असते, आणि दोघांना वाट एकच, जारचं तोंड. म्हणून पाणी अडतं, गुडगुडतं आणि भसकन बाहेर येतं. थोडं ताटावर, बाकीचं माझ्या बुटांत. त्यात धरणाऱ्याला मृग नक्षत्र दिसलं. त्याने मान वर केली, तसा जारही वर गेला. मी हाताला साबण लावून अंधारात बसून राहिलो.

सहा ताटं, कढई आणि दोन पातेली. चौदा लिटर पाणी गेलं. सकाळी सहा माणसांच्या चहाला, तोंड धुवायला आणि प्यायला मिळून सहा लिटर उरलं. तेव्हा एकाने सुचवलं, एवढी टाकी आहेत इथे, पोह्याची भांडी तिकडेच घासू.

इथे मी आवाज चढवला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा चढवीन. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटसरूला पाणी मिळावं म्हणून तिथे कातळात टाकी खोदली आहेत. छिन्नी-हातोड्याने, दोन हजार वर्षांमागे. आपला बेसॉल्टचा कातळ पाणी फारसं पोटात ठेवत नाही. पावसाळ्यात धो धो कोसळलेलं उतारावरून निघून जातं आणि उन्हाळ्यात जिथे साठलं असेल तिथलंच वापरावं लागतं. त्यात आपण पिठल्याची खरवड आणि साबणाचा फेस सोडायचा? ओढ्यापासूनसुद्धा साठ मीटर लांब बसून घासावं आणि खरकटं पाणी मातीत जिरवावं, हा साधा नियम आहे. त्या जुन्या माणसांनी वाटसरूच्या पाण्याचा विचार केला. आमच्या गाडीत पेले ठेवायला चार खाचा आहेत, पण तोटी एकही नाही.

परत आल्यावर मी तोटीवाला जार आणला. तोटी तळापासून चार बोटं वर. म्हणजे शेवटचे दोन लिटर आपण नुसते हिंडवून आणायचे. झाकण घट्ट असलं की धार आटत जाते, कारण हवेला आत यायला वाट नाही. झाकण सैल केलं की धार छान येते, आणि निघताना ते कोणी आवळत नाही. अंथरुणं भिजतात. मग जारच्या तोंडावर बसवायचा चार्जिंगचा पंप आणला. त्याचं बटण साबणाच्या बोटाने दाबायचं, आणि तोही मोबाईलप्रमाणे नेमका संध्याकाळी मान टाकायचा.

शेवटी प्लंबरला गाठलं. ११० मिलिमीटरचा दीड मीटर पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना बूच, एका टोकाला खालून तोटी, दुसऱ्या टोकाला वरून हवेसाठी छोटा कॉक. बारा-तेरा लिटर मावतं. काळा रंग देऊन टपावरच्या कॅरियरला बांधला, तोटीकडची बाजू जरा उतरती. पाणी डोक्याच्या उंचीवर, त्यामुळे पंप नको, वीज नको. दिवसभर उन्हात राहून संध्याकाळी पाणी कोमट, म्हणजे तेलकटही निघतं. तोटीला बारीक भोकांची जाळी बसवली. घासायला पाणी लागतच नाही, लागतं ते विसळायला. खरकटं आधी कागदाने पुसून घ्यायचं, चुलीची राख आणि काथ्याने घासायचं आणि बारीक धारेखाली धरायचं. घराच्या गच्चीवर करून पाहिलं. सहा माणसांची भांडी पाच लिटरमध्ये. दोन्ही हात मोकळे. मला फार समाधान वाटलं, ते लपवायचं कारण नाही.

गेल्या डिसेंबरात पाइप पहिल्यांदा डोंगरात नेला. दिवसभर धुरळा खाऊन मुक्कामाला पोचलो. मी शेगडी उतरवत होतो. मागे कोणीतरी ओरडलं, ‘अरे, गरम पाणी आहे!’ एकाने तोंड धुतलं. दुसऱ्याने पाय धुतले, मग बूट. तिसऱ्याने पुढची काच धुतली, कारण सकाळी उगवता सूर्य गाडीत बसून बघायचा होता.

रात्री नऊ वाजता पिठल्याची कढई घेऊन मी तोटी उघडली. दोन थेंब पडले आणि हवा आली.

मग एकाने जार उचलला. ‘घास तू, मी धरतो,’ म्हणाला, आणि त्याने आकाशाकडे पाहिलं.