डी कशाचा?

आमच्या घरात देव्हाऱ्याखालोखाल श्रद्धेने हात जातो तो फ्रिजवरच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याकडे. डब्यात पित्ताच्या गोळ्या असतात. खरं तर त्या गोळ्या नव्हेत, कॅप्सूल आहेत. आणि छातीत जळजळतं तेही पित्त नव्हे. पित्त यकृतात तयार होतं, घशाशी येतं ते जठरातलं आम्ल. पण "मला आम्ल झालंय" म्हणणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्माला यायचाय. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकं ठणकलं तरी पित्त आणि साहेब खवळला तरी त्याचंही पित्तच. इतक्या दुखण्यांना एक शब्द पुरतो, तर एक कॅप्सूल का पुरू नये, असा माझा सरळ हिशोब होता.

ही कॅप्सूल मला तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी दिली होती, पाच दिवसांसाठी. चिठ्ठी हरवली, कॅप्सूल राहिली. मेडिकलवाल्याने ती चिठ्ठी कधी मागितली नाही. मी पायरी चढलो की तो एवढंच विचारायचा, "एक स्ट्रिप की दोन?" डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं त्याच स्ट्रिपवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. पण चष्मा लावून मी फक्त एक्सपायरी बघायचो, आणि तीही दुसऱ्याला द्यायची असेल तरच.

दुसऱ्याला द्यायची वेळ मात्र वारंवार यायची. लग्नात मुलाकडचे पानसुपारी देतात, तशी मी कॅप्सूल द्यायचो. जिलबीचा दुसरा वेढा आणि मठ्ठ्याची तिसरी वाटी झाली की नातेवाईक छातीवर तळवा फिरवत माझ्याकडे यायचे. मीही शर्टाच्या खिशातून स्ट्रिप काढून कट्कन एक फोडून हातावर ठेवायचो. पुण्य इतकं सोपं असतं हे संतांनी कुठे सांगितलेलं नाही.

कॅप्सूलच्या नावाच्या शेवटी 'डी' होता. तो कशाचा, यावर आमच्या घराण्यात मतभेद होते. बायकोच्या मते डीलक्सचा. मला तो डबलचा वाटायचा. मेहुण्याने ठामपणे "डेली" सांगितलं आणि तो स्वतः त्याबरहुकूम वागतही होता. मेहुणा ज्या गोष्टी ठामपणे सांगतो त्यांची वेगळी वही करावी असं मला नेहमी वाटतं.

डी फुटला तो सांगलीच्या लग्नात. धाकटी पुतणी एमडी करते आहे. पंगत उठल्यावर माझं वाटप चालू असताना ती शेजारी येऊन उभी राहिली. आधी तिने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे.

"काका, जेवणानंतर का देताय ही?"

"जळजळ जेवणानंतरच होते बाई."

तिने मला तिथेच, मांडवाच्या खांबाला टेकून, जठर समजावलं. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. कॅप्सूलमधलं पहिलं औषध, पॅन्टोप्राझोल, ते पंप बंद पाडतं. पण पंप चालू असेल तरच त्याला कुलूप लागतं, आणि पंप जोरात चालू होतात ते खाल्ल्यावर. म्हणून औषध सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचं, म्हणजे पोहे पोटात पडेपर्यंत ते रक्तातून कामावर हजर होतं. पूर्ण असर दिसायलाही तीन-चार दिवस लागतात. जिलबीनंतर ते देणं म्हणजे वरात पोचल्यावर घोडा शोधायला जाणं.

"मग इतके दिवस लोकांना बरं वाटत होतं ते?"

"ते चालून आल्यामुळे असेल. तुम्ही मांडवाच्या पार टोकाला बसता."

तीन वर्षांचं पुण्य त्या एका वाक्यात वाहून गेलं. तरी मी आवाज सावरून विचारलं, "आणि डी?"

"डॉमपेरिडोन."

डबलची अपेक्षा ठेवलेल्या माणसाला हे नाव फारच घरगुती भांडणासारखं वाटलं. तो म्हणे वेगळाच गडी आहे. आम्लाशी त्याचं देणंघेणं नाही. मळमळ थांबवायची आणि जठरातलं अन्न पुढे ढकलायचं हे त्याचं काम. आमच्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोल 40 मिलिग्रॅम आणि हळूहळू विरघळणारं डॉमपेरिडोन 30 मिलिग्रॅम. आतले मोहरीएवढे दाणे त्यासाठीच. म्हणून कॅप्सूल फोडून किंवा चावून घ्यायची नाही. (मला एकदम आठवलं: सासूबाईंना गिळता येत नाही म्हणून मी ते दाणे मधात खलून दिले होते. हे मी पुतणीला सांगितलं नाही. इथे सांगतोय कारण सासूबाई मासिकं वाचत नाहीत.)

हा डॉमपेरिडोन काही जणांच्या हृदयाचा ठेका बिघडवू शकतो. वय साठीपुढे असेल, डोस दिवसाला 30 मिलिग्रॅमच्या वर जात असेल किंवा सोबत ठरावीक अँटिबायोटिक नाहीतर बुरशीवरची औषधं चालू असतील तर धोका वाढतो. युरोपच्या औषध नियामकांनी 2014 साली सांगून टाकलं की हा गडी फक्त मळमळ-उलटीपुरता, 10 मिलिग्रॅम दिवसातून तीनदापर्यंत, आणि साधारण आठवड्याच्या आत निरोप. अमेरिकेने तर त्याला मंजुरीच दिलेली नाही. मी पाहुण्याला तीन वर्षं ठेवून घेतलं होतं, रोज सकाळी चहासकट.

"दोन औषधं एका कॅप्सूलमध्ये असली की दोघांचीही चौकशी करायची काका," पुतणी म्हणाली. "तुम्ही एकाचीसुद्धा केली नाहीत."

खरी गंमत आत्याची. आत्या गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक घ्यायची, उपाशीपोटी, कोऱ्या चहाबरोबर. गेल्या वर्षी तिला शी काळी डांबरासारखी होऊ लागली. हे तिने डॉक्टरांना सोडून सगळ्यांना सांगितलं, त्यातही बहुतेकदा जेवताना. शेवटी एन्डोस्कोपी झाली आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर निघाला, रक्त झिरपणारा. आत्याने कारण आधीच ठरवून ठेवलं होतं: सून. सुनेच्या हातचं तिखट आणि सुनेने दिलेला मनस्ताप. त्या जुन्या समजुतीत आत्या एकटी नव्हती. डॉक्टरमंडळीही कित्येक वर्षं अल्सरचं खापर तिखटावर आणि चिंतेवरच फोडत होती. पर्थचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन सांगत होते की जठरात एक जंतू राहतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी, आणि बऱ्याचशा अल्सरांमागे तो आहे. कोणी ऐकेना. तेव्हा 1984 साली मार्शलसाहेबांनी त्या जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. थोड्याच दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज निघाली. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. आमचा मेहुणाही आयुष्यात काय काय प्यायलाय, पण त्याला अजून काही मिळालेलं नाही.

आत्याच्या पोटात जंतू सापडला. वेदनाशामकाने अस्तर दुबळं केलं होतंच, त्यात हा भाडेकरू. सून निर्दोष सुटली, आणि त्याचा आत्याला अल्सरपेक्षा जास्त त्रास झाला.

तिला 14 दिवसांचा कोर्स दिला: आम्ल कमी करणारी गोळी, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, तिन्ही दिवसातून दोनदा. इथे एकत्र देणं ही सोय नव्हे, गरज. एकट्याने तो जंतू हटत नाही, आणि बरं वाटलं म्हणून सहाव्या दिवशी सोडलं तर शिल्लक राहिलेले चिवट होऊन बसतात. आत्याने पूर्ण चौदा दिवस गोळ्या घेतल्या, कारण पैसे दिले होते.

आणि त्याच चौदा दिवसांत मी प्रेमापोटी, कुरिअरने, आत्याला माझ्या डीच्या दोन स्ट्रिपा पाठवल्या होत्या. क्लॅरिथ्रोमायसिन हे नेमकं त्या 'ठरावीक अँटिबायोटिक'पैकी एक. पुतणीने ते पाकीट आत्याच्या उशाशी पाहिलं आणि जप्त केलं. म्हणूनच सांगलीत ती घड्याळ बघत माझ्यामागे उभी होती. योगायोग वगैरे काही नव्हता.

मग माझी रवानगी डॉक्टरकडे झाली. डी तत्काळ बंद, पॅन्टोप्राझोल हळूहळू कमी. एकदम सोडलं तर दाबून ठेवलेले पंप सुट्टीवरून परतलेल्या पोरांसारखे दुप्पट धिंगाणा घालतात, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू सोडूनही पहिले पंधरा दिवस त्या पंपांनी मला शाळेची आठवण करून दिली. बायकोने रात्रीचं जेवण साडेसातवर आणलं आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या. उतार झाल्यामुळे आम्ल खाली राहतं हे खरं, पण मीही राहतो. रात्री दहाला उशीशी असतो, पहाटे पायथ्याशी सापडतो. डाव्या कुशीवर झोपायचं हेही डॉक्टरांनीच सांगितलं, म्हणजे ज्या वामकुक्षीवरून पुणेकरांची जगभर टिंगल झाली ती निदान कुशीच्या बाबतीत शास्त्रोक्त निघाली. दुपारी एकला आडवं पडण्याबद्दल मात्र डॉक्टर गप्प बसले.

परवा पुन्हा लग्न होतं, मिरजेला. जेवणं झाली, छातीवर तळवे फिरू लागले. साडू माझ्याकडे आले. मी विचारलं, "जळजळतंय की दुखतंय? हात जड वाटतोय? घाम? दम? असं काही असेल तर गोळी नको, थेट दवाखाना. शी काळी होते का? वजन उतरलं? गिळताना अडकतं? आणखी कुठलं औषध चालू आहे?" साडूंनी तिसऱ्या प्रश्नालाच हात जोडले.

ते सरळ पलीकडच्या खांबाकडे गेले. तिथे मेहुणा बसला होता, मांडीवर नवाकोरा डबा.

"माझ्याकडची नवीन आहे," तो ठामपणे सांगत होता. "नुसती डी नाही, डीएसआर."

"एसआर म्हणजे?"

"सीनियर. साठीच्या पुढच्यांसाठी खास."

बघता बघता सगळे काका, मामा आणि आत्यासुद्धा त्याच्यासमोर रांगेत उभे राहिले. मी फोन काढून पुतणीचा नंबर शोधू लागलो.